शिक्षा

संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणें. मराठींत येईपर्यंत या शब्दाच्या हातीं छडी आली. हिंदी बोलणारा मनुष्य आपण मुलाला उत्तम शिक्षा दिली असें सांगतो तेव्हां ऐकणारा त्याचें कौतुक करतो; तेंच वाक्य मराठींत बोललें तर ऐकणारा त्या मुलाची कींव करील. ही आपल्याकडील जुन्या पंतोजींची करामत असावी असें आम्हांला पुष्कळ वर्षें वाटत होतें. पुढें थोडें ग्रीक वाचावयास मिळालें, त्याहूनहि थोडें इब्री, आणि मग ध्यानांत आलें कीं या वाटेनें मराठी एकटीच गेलेली नाहीं. नव्या करारांत इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायांत बापानें मुलाला लावावयाच्या शिस्तीविषयीं जो ‘पैदेइया’ शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ मुलाचें संगोपन व शिक्षण एवढाच. पण तेथें त्याच्या पाठोपाठ फटकेहि येतात. नीतिसूत्रांतील इब्री ‘मूसार’ शब्दाची तीच गत. बोध तोच आणि ताडनहि तोच. आपल्या घरीं तर पाहावयासच नको. ‘शास्’ हा एकच धातु. त्यापासून शास्त्र, त्यापासूनच शासन, आणि ज्याच्यावर हीं दोन्हीं चालावयाचीं तो शिष्यहि त्यापासूनच.

हें सर्व आम्ही वर्गांत मोठ्या चवीनें सांगत आलों. मुलें हंसत, एखादा वहींत टिपून घेई, आणि तास संपे. शब्दाची व्युत्पत्ति ठाऊक असली म्हणजे शब्द ठाऊक झाला असा आम्हां अध्यापकांचा एक समज असतो. आमचा तो समज टेंभुर्णीस सुटला, आणि तोहि पन्नाशी उलटल्यावर.

टेंभुर्णी हें आमचें गांव. माढें तालुक्यांत, पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर. येथून एक फांटा कुर्डुवाडीस जातो, एक अकलूजकडे व एक पंढरपुरास. त्यामुळें गांवाला मुक्कामाच्या पाहुण्यांपेक्षां वाटसरूंचीच सवय अधिक. आमच्या लहानपणीं हा मुलूख ज्वारीचा. 1980 सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें, कालवे आले, आणि जेथें कडब्याच्या गंजी दिसत तेथें ऊस दिसूं लागला. आमचें घराणें ख्रिस्ती. पणजोबांनीं अमेरिकन मराठी मिशनच्या एका उपदेशकाकडून प्रथम शास्त्र ऐकलें असें घरांत सांगत. हें मिशन 1813 त मुंबईस आलें, 1831 त नगरास गेलें, आणि तेथून दक्षिणेकडे पसरलें. त्याच्या मंडळ्यांवर बिशप नसे. भांडण असो, लग्न असो, कोणाला मंडळींत घ्यावयाचें असो, मेजावर पुस्तक उघडावयाचें आणि सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, अशी रीत. गांवांतल्या इतर घरांत ‘शास्त्र पाहून सांगतों’ म्हटलें म्हणजे पंचांग निघे. आमच्या घरांत बायबल निघे. शब्द एकच, पण शेजाऱ्यांचें शास्त्र मुहूर्त सांगे आणि आमचें शास्त्र बहुधा आमच्याच चुका सांगे. लहानपणीं आम्हांला शेजाऱ्यांचें अधिक आवडे.

गांवांत आमचीं दहा-बारा घरें. रविवारीं एकाच्या ओसरीवर उपासना होते. पाळक महिन्यांतून एकदां येतात; बाकीच्या रविवारीं मंडळींतला कोणी तरी शास्त्र वाचून चार शब्द बोलतो, आणि आम्ही सुटींत गांवीं असलों म्हणजे तो मान शिकलेला मनुष्य म्हणून आमच्याकडे येतो. या ओसरीवर उजव्या हाताच्या खांबाशीं एक वृद्ध बाई बसत. त्यांना सर्व गांव आत्या म्हणे. आम्हांला रविवारच्या शाळेंत त्यांनींच शिकविलें. त्यांच्या मातोश्री केडगांवच्या मुक्ति सदनांत वाढलेल्या, आणि तेथून येतांना त्यांनीं जें एक जाड पुस्तक बरोबर आणलें होतें तें आत्यांकडे आलें होतें. तें पंडिता रमाबाईंनीं भाषांतर केलेलें बायबल. पुठ्ठा दोनदां बदललेला, कडा तेलकट, आणि सबंध पुस्तक धुवट पंचांत गुंडाळलेलें.

आतां आमच्या खटल्याकडे येतों. वडील वारले तेव्हां रस्त्यालगतची साडेतीन एकर जमीन मागें राहिली. आम्ही शहरांत प्राध्यापक. धाकटे बंधु गांवीं शेती पाहत. सात-बाराच्या उताऱ्यावर दोघांचींहि नांवें. बारा वर्षें उसाचा हिशोब आम्हीं विचारला नाहीं व त्यांनींहि सांगितला नाहीं, आणि यालाच आम्ही बंधुप्रेम म्हणत होतों. पुढें त्यांनीं रस्त्याच्या कडेस सात गाळे बांधून भाड्यानें दिले. ही वार्ता आम्हांस एस्. टी. त शेजारीं बसलेल्या एका तिऱ्हाइतानें सांगितली, तीहि अभिनंदन करण्याच्या हेतूनें. आम्हीं वकिलामार्फत नोटीस दिली. उत्तर आलें नाहीं तेव्हां तालुक्याच्या न्यायालयांत वाटणीचा दावा लावला. कायदा आमच्या बाजूनें होता, हें आजहि आम्हांला नाकारतां येत नाहीं. त्या महिन्यापासून दोन भाऊ एकाच ओसरीच्या दोन टोकांस बसूं लागले, आणि प्रभुभोजनाची भाकर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मधल्या माणसांच्या हातांतून जाऊं लागली.

त्या वर्षीं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं बोलण्याची पाळी आमची होती. 31 ऑक्टोबर 1517 या दिवसाशीं लूथरचें नांव निगडित असल्यामुळें विषय ठरलेलाच, ‘केवळ शास्त्र’. 1521 त वर्म्स येथें बादशहासमोर लूथर कसा उभा राहिला तें सांगून झाल्यावर आम्ही आपल्या मुलुखाकडे वळलों व रमाबाईंची कथा सांगितली. कुर्डुवाडीस गाडींत बसून पुण्याकडे निघालें म्हणजे दौंड ओलांडल्यावर केडगांव येतें. तेव्हां त्या आमच्या शेजारीणच.

रमाबाई 1858 त जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं त्या संस्कृत शिकल्या, पुराणें सांगत देशभर हिंडल्या. दुष्काळांत आईबाप गेले. 1880 त लग्न झालें आणि 1882 त वैधव्य आलें. 1883 त त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठांत 29 सप्टेंबर रोजीं त्यांनीं लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झाला तेव्हां बाई आतां चर्च सांगेल तसें मानतील अशी भगिनींची अपेक्षा. रमाबाईंची तयारी शास्त्र सांगेल तसें मानण्याची. या दोहोंत केवढें अंतर आहे तें त्यांच्या व सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रांतून दिसतें. हीं पत्रें सिस्टरांनीं स्वतःच जपून ठेविलीं होतीं. 1977 त महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृति मंडळानें तीं छापलीं. ज्यांनीं वाचलीं नसतील त्यांनीं अवश्य वाचावीं. त्रैक्याचा सिद्धान्त मानावयाचा तर तो शास्त्रांत कोठें आहे तें दाखवा, असें ही पंचविशीची विधवा परक्या देशांत, परक्या अन्नावर राहून विचारते. मोठ्या प्रयासानें एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून उतरविलें तें दुसऱ्या पुरोहितवर्गाचें चढविण्यासाठीं नव्हे, असा तिचा एकंदर सूर. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, आमचे लोक तीं वाचूं शकतील काय, संस्कृत कां नको, असा तिचा हट्ट. आणि संस्कृत देवभाषा म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची सुंदर आणि प्राचीन भाषा म्हणून. जेवणांत अंडें घातलेला पदार्थ ती खात नाहीं यांत भगिनींना जातीचा अभिमान दिसला. तिनें त्याला दिलेलें उत्तर इतकें मिस्किल आहे कीं आरोप करणाराला हंसूं फुटावें. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत मिस् बील यांच्या हाताखालीं ती शिकत व शिकवीत होती, तेव्हां तिनें पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानांतल्या बिशपांनीं नाहीं म्हणून कळविलें. शास्त्रांत प्रमाण मागणारीला येथें व्यवहाराचें प्रमाण देण्यांत आलें.

भाषण रंगलें. रमाबाईंनीं हातीं घेतलेल्या भाषांतराविषयींहि आम्ही बोललों. प्रचलित मराठी बायबल फार संस्कृतप्रचुर, खेड्यांतल्या बायकांना तें उमगत नाहीं, म्हणून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या. आयुष्याचीं शेवटचीं पंधरा-सोळा वर्षें त्या कामांत घातलीं. मुक्तीच्याच मुलींनीं खिळे जुळविले. 5 एप्रिल 1922 रोजीं त्या वारल्या. शेवटचीं मुद्रितें तपासून होईपर्यंत दहा दिवस मिळावेत अशी त्यांनीं प्रार्थना केली होती आणि काम संपल्यावर झोपेंतच प्राण गेला, असें सांगतात. संपूर्ण ग्रंथ 1924 त बाहेर पडला. शेतांत खुरपणाऱ्या बाईला मधल्या कोणाच्या मदतीवांचून शास्त्र समजावें, यासाठीं एका पंडितेनें आपलें पांडित्य झिजविलें, असा समारोप करून आम्ही खालीं बसलों. मंडळींनीं माना डोलाविल्या. धाकटे बंधु दुसऱ्या टोकास बसून ऐकत होते. आत्या कांहीं बोलल्या नाहींत.

त्याच दिवशीं तिन्हीसांजेस त्या आमच्या घरीं आल्या. एकट्या. हातांत तें पंचांत गुंडाळलेलें पुस्तक.

“बाळ, मला आतां बारीक दिसत नाहीं. एवढें वाचून दाखव.”

पान उघडलेलेंच होतें. करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय सहावा. ज्यांनीं हें पत्र वाचलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. तेथें पौल करिंथ येथील मंडळीला झाडतो कीं तुमच्यांत भावानें भावाला न्यायालयांत खेचावें याची तुम्हांला लाज वाटत नाहीं काय. तुमच्यांत तंटा तोडणारा एकहि शहाणा नाहीं काय. आणि शेवटीं तो असें सुचवितो कीं खटला जिंकण्यापेक्षां नुकसान सोसलेलें बरें. पहिल्या दोन ओळी आम्ही वर्गांतल्या आवाजांत वाचल्या. पुढें आवाज आपोआप उतरला.

वाचून झाल्यावर आम्ही स्पष्टीकरणास लागलों. शिक्षकाला दुसरें काय येतें? करिंथच्या बाजारांतलें न्यायासन आजहि उत्खननांत पाहावयास मिळतें; गल्लियो या सुभेदारापुढें पौलालाच उभें केलें होतें; त्या काळच्या रोमन न्यायालयांत पैसेवाला गरिबाला नाडीत असे; न्यायाधीश मूर्तिपूजक असत. आपलीं न्यायालयें राज्यघटनेखालचीं, सर्वांस समान. वाटणीचा दावा म्हणजे कांहीं फौजदारी नव्हे. तेव्हां हा उतारा आपणांस जसाच्या तसा लागूं करणें ऐतिहासिक दृष्टीला सोडून होईल. वीस-एक मिनिटें आम्ही बोललों. त्यांतलें एकहि वाक्य खोटें नव्हतें. आत्यांनीं सर्व ऐकून घेतलें.

“सकाळीं तूंच म्हणालास ना, खुरपणाऱ्या बाईलाहि कळावें म्हणून रमाबाईंनीं हें लिहिलें? मला सकाळीं कळलें होतें. तूं समजावून सांगितलेंस आणि आतां कळेनासें झालें.”

त्यांनीं पुस्तक पुन्हां पंचांत गुंडाळलें. दारांत थांबून म्हणाल्या, “मीं हें कोणाजवळ काढलेलें नाहीं. धाकट्याजवळहि नाहीं.”

त्या गेल्यावर आम्हांला फार राग आला. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनें आम्हांला वाचावयास लावावें याचा नव्हे; वाचण्यासाठीं तिनें बरोबर तीच जागा उघडली याचा. पंधरा दिवसांनीं त्या पुन्हां आल्या, या वेळीं मंडळींतले एक निवृत्त एस्. टी. कंडक्टर बरोबर. ते बिचारे टोपी हातांत धरून बसले व एकहि शब्द बोलले नाहींत. त्या कां आल्या, आधीं एकट्या व मग एकाला घेऊन कां, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. मत्तयाच्या 18 व्या अध्यायांत क्रम सांगितला आहे. भावाचा अपराध प्रथम त्याला एकांतांत दाखवावा, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावें, तरीहि न ऐकल्यास मंडळीला कळवावें. आत्या पायरी-पायरीनें चालल्या होत्या, आणि तिसरी पायरी येऊं नये म्हणून त्यांचा जीव खालवर होत होता, हें त्यांच्या तोंडावर दिसत होतें. आम्हांला तें दिसलें नाहीं. आम्ही त्या दिवशीं जें बोललों तें लिहावयास संकोच वाटतो, पण लिहिलें पाहिजे. आम्ही म्हणालों, आमच्या सदसद्विवेकावर अधिकार केवळ शास्त्राचा आहे, कोणा माणसाचा नाहीं. रमाबाईंनीं बिशपांना हेंच सांगितलें होतें.

“मग शास्त्राचाच चालूं दे,” आत्या म्हणाल्या. “आम्हीं तर नुसतें पान उघडलें.”

यानंतर चार महिने आम्ही ओसरीवर गेलों नाहीं. शहरांत चर्चें पुष्कळ आहेत. तेथें कोणी कोणाच्या सात-बाराची चौकशी करीत नाहीं. वाद्यमेळ उत्तम, खुर्च्या गादीच्या, आणि उपासना आटोपल्यावर माणूस जसा आला तसा घरीं जातो.

त्या चार महिन्यांत एका व्याख्यानासाठीं रमाबाईंचीं पत्रें आम्हीं पुन्हां काढलीं. पूर्वीं खुणा केलेल्या जागा पाहिल्या तर सगळ्या त्यांनीं नाहीं म्हटल्याच्या. खुणा न केलेलीं पानें वाचूं लागलों तेव्हां दोन गोष्टी लक्षांत आल्या. एक म्हणजे ज्या सिस्टर जेराल्डिनशीं त्या इतक्या झगडल्या, तिला त्या ‘आजीबाई’ म्हणत. वाद ऐन रंगांत असतांहि हें संबोधन चालूंच. अहंकाराचा आरोप झाला तर त्याला उत्तर लिहीत. उत्तर तिखट असे, पण पत्र बंद होत नसे. चार महिने दुसऱ्या चर्चांत जाऊन बसण्याचा उपाय त्यांनीं केला नाहीं. आणि मनोरमा तर त्या भगिनींच्याच हातीं वाढत होती. ज्याच्याशीं मतभेद आहे त्याच्या मांडीवर आपलें मूल ठेवावयाला काय लागतें तें मुलेंबाळें असणारांना सांगावयास नको.

दुसरी गोष्ट पत्रांतली नव्हे. 1907 त रमाबाईंनीं आपल्या अनुभवाची एक साक्ष लिहिली. तींत त्या सांगतात कीं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे 1891 च्या सुमारास, त्यांच्या ध्यानांत आलें कीं आपणांला ख्रिस्ती धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. तोपर्यंत त्यांचें नांव अमेरिकेंत गाजलें होतें, ‘शारदा सदन’ 1889 त निघालें होतें, महाराष्ट्रांतल्या विद्वानांशीं त्यांचे वाद झाले होते. अशा स्थितींत, आपण आठ वर्षें जें म्हणत होतों त्याच्या मुळाशीं कांहीं उणें होतें, हें कोणी मागितलें नसतां छापून देणें ही साधी गोष्ट नव्हे. बिशपांपुढें न झुकलेली मान येथें झुकलेली दिसते. आम्हीं आजवर पहिली अर्धी बाई व्याख्यानांत घेतली होती आणि दुसरी अर्धी घरीं ठेविली होती.

रमाबाईंनीं प्रत्येक टीका अशीच मानली असें म्हणण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. 1893 त शारदा सदनांतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून गहजब झाला, रानडे-भांडारकर यांच्यासारखे सल्लागार सोडून गेले, आणि बाईंनीं आपल्या खोलीचें दार लावून घेण्याचें नाकारलें. या प्रकरणांत दोष सगळा सनातन्यांचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. संस्था काढतांना धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचा शब्द दिला होता, आणि आश्रित मुलीला ‘दार उघडें आहे, येणें न येणें तुझ्या मर्जीवर’ असें म्हणण्यांत मर्जी कितपत मोकळी राहते हा प्रश्न उरतोच. येथें आमचें व आमच्या मंडळींतल्या पुष्कळांचें जमत नाहीं.

आणखी एक गोष्ट याच ओघांत सांगून टाकतों, कारण न सांगितली तर पुढचें लिहिणें लबाडीचें होईल. नुकसान सोसावें हा उपदेश दुबळ्यांच्या तोंडावर फेकण्यासाठीं अनेकदां वापरला गेला आहे. नवऱ्यानें मारलेल्या बाईला, वाटा बुडविलेल्या विधवेला मंडळीचे वडील हाच अध्याय वाचून दाखवितात असे प्रसंग आम्हीं पाहिले आहेत. रमाबाईंचें सगळें मुक्ति सदन अशाच बायकांसाठीं होतें. त्यांना त्यांनीं सोसा म्हणून परत धाडलें नाहीं. आत्यांनाहि हें ठाऊक होतें. भाडेकऱ्यानें नाडलेल्या एका म्हातारीला घेऊन त्या स्वतः पोलीस चौकीवर गेल्या होत्या. आमच्याकडे त्यांनीं तो अध्याय आणला, कारण आमच्या पोटाला जमिनीची गरज नव्हती. आम्हांला सात गाळ्यांचें भाडें नको होतें. बसमध्यें बातमी कळल्याचा बदला हवा होता. हें त्यांना आमच्या आधीं कळलें होतें.

प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लो नांवाच्या एका विद्वानाची गोष्ट आहे. आलेक्सांद्रियेचा, वक्ता, शास्त्रांत निष्णात. इफिस येथें त्याचें भाषण ऐकून तंबू शिवणाऱ्या एका जोडप्यानें, प्रिस्किल्ला व अक्विला यांनीं, त्याला घरीं नेलें आणि त्याला जें पुरतें ठाऊक नव्हतें तें नीट समजाविलें. आम्हीं हा भाग अनेकदां वाचला होता. पण त्यांतला पाठभेदच काय तो आमच्या ध्यानांत राहिला होता, कीं जुन्या प्रतींत बायकोचें नांव नवऱ्याच्या आधीं येतें. अपुल्लोला घरीं जातांना काय वाटलें असेल हा प्रश्न कधीं पडला नव्हता. अंत्युखियेस पौलानें पेत्राला चारचौघांत सुनावलें तें गलतीकरांच्या पत्रांत आहे. पेत्रानें त्यावर काय उत्तर दिलें तें तेथें नाहीं. त्या दिवसांत आम्हीं ती जागा पुष्कळदां चाळली.

आपल्याकडे पाठशुद्धीचें फार मोठें उदाहरण नाथांचें. शके 1506 त, म्हणजे 1584 त, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला आणि त्यांत पुन्हां कोणी आपली ओवी घालूं नये अशी तंबी देऊन ठेविली. आम्ही हें विद्यार्थ्यांना संपादनशास्त्राचा नमुना म्हणून शिकवितों. पण ग्रंथांत दुसऱ्याची ओवी घुसली तर ती काढतां येते. वाचणारानें आपल्या जगण्यांत ग्रंथाला सोडून ओवी घातली तर ती काढावयास कोणी तरी तिन्हीसांजेस दारीं यावें लागतें.

फेब्रुवारींत उसाची तोड चालू असतां आम्ही गांवीं गेलों. बंधु एका गाळ्याचें शटर दुरुस्त करून घेत उभे होते. दावा काढून घेतला आहे, कागद वकिलांकडे सही करून दिले आहेत, एवढें आम्ही सांगितलें. त्यांनीं कारागिराला हात थांबवावयास सांगितलें नाहीं. थोड्या वेळानें विचारलें, “दादा, वकिलाला किती गेले?” आम्ही आंकडा सांगितला. “माझेहि तेवढेच गेले,” ते म्हणाले, आणि चहा मागविला. तो चहा आम्ही दोघे उभ्यानेंच प्यालों.

गळ्यांत गळे पडले नाहींत. पहिलें वर्ष तसेंच गेलें. दुसऱ्या वर्षीं एका शाळकरी वहींत लिहिलेला बारा वर्षांचा हिशोब घेऊन ते आमच्याकडे आले. बेरजा कांहीं चुकलेल्या. कांहीं चुका त्यांच्या बाजूच्या, कांहीं आमच्या. आम्हीं दोन्हीं प्रकारच्या दुरुस्त केल्या, आणि हें लिहितांना थोडा अभिमान वाटतो तोहि खरा नाहीं, कारण आधीं आमच्या तोट्याच्याच दिसल्या होत्या. न्यायालयानें दिलें असतें त्यापेक्षां आम्हांला पुष्कळ कमी मिळालें. तें अजून खुपतें. एस्. टी. गांवांत शिरतांना उजवीकडे ते गाळे दिसतात, आणि आम्ही कधीं कधीं डावीकडच्या खिडकीशीं बसतों.

ओसरीवर पुन्हां गेलों त्या रविवारीं आत्यांनीं सरकून जागा दिली. त्या विषयावर एक अक्षर नाहीं. कांहीं महिन्यांनीं साक्ष देण्याची वेळ आली तेव्हां आम्हीं उठून सर्व हकीकत सांगितली. आपला हट्ट, आत्यांचें येणें, दावा काढून घेणें. ती सांगितलीहि चांगली. दोनचार जणांनीं डोळे पुसले. बाहेर पडतांना आत्यांनीं आमची बाही धरली.

“सांगितलेंस तें खरेंच. पण धाकट्याची बायको मागें बसली होती. तिचा नवरा लबाड ठरला तो तुझ्या गोष्टींत.”

म्हणजे शिक्षेचा दुसरा धडा लागलीच. पहिला चार महिन्यांत गळीं उतरला होता. या खेपेस आम्ही त्याच संध्याकाळीं वहिनींच्या घरीं गेलों. त्यांनीं जेवावयास बसविलें. जेवतांना त्या कांहीं बोलल्या नाहींत. भाकरी मात्र आम्ही नको म्हणत असतां ताटांत आणखी एक पडली.

आत्या गेल्या त्याला आतां तीन वर्षें झालीं. पुस्तक त्यांच्या नातीकडे आहे, आणि तें योग्यच. आमच्याकडे आलें असतें तर आम्ही तें कांचेच्या कपाटांत ठेविलें असतें.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं बंधूंना वाचून दाखविला, कारण एकदां त्यांना न विचारतां सांगून पाहिलें होतें. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकला, मध्यें एकदां उठून गाईला वैरण टाकून आले. मग म्हणाले, “दादा, छाप. पण गाळे सात नाहींत, पांच आहेत. दाव्यांतहि तूं सातच लिहिले होतेस.”

आम्ही दुसऱ्या दिवशीं जाऊन मोजले. पांचच आहेत. वर जेथें जेथें सात आले आहेत तेथें वाचकांनीं पांच वाचावे.